जुनी चिठ्ठी

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे. उदासीसाठी पूर्वी दिलेल्या गोळ्या तो अजूनही जुनी चिठ्ठी दाखवून आणतो. बाकीच्या गोळ्या मात्र ‘सुस्ती येते’ म्हणून सोडून दिल्यात. डिप्रेशनच्या गोळ्यांची नशा चढते का हो?
– एक वाचक, कांजूरमार्ग (पूर्व)

उत्तर : बहुतेकांची नाही चढत. फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटालोप्रॅम घेऊन तासाभरात मजा येत नाही. फरक जाणवायलाच दोन-तीन आठवडे जातात. अपवाद आहेत. ब्युप्रोपिऑनची पूड करून नाकाने ओढण्याचे प्रकार अमेरिकेतल्या तुरुंगांत आढळले आहेत.

तुमच्या घरातली भीती मात्र नशेची नाही. लिथियम, व्हॅल्प्रोएट या गोळ्या मूडला लगाम घालतात. त्या सोडून नुसती उदासीची गोळी चालू ठेवली, तर काहींचं मन थेट दुसऱ्या टोकाला जातं. भाऊ तीन तास झोपूनही टवटवीत उठतो का? रात्री दोनला कपाट आवरायला काढतो, मोबाइलवरून वस्तू मागवत सुटतो, टोकलं की अंगावर येतो? घरच्यांना वाटतं, चला, गडी माणसात आला. फसगत होते ती इथेच. त्यालाही दोष देता येत नाही; लिथियमने हात थरथरतात, वजन वाढतं, आणि हुरूप तर प्रत्येकालाच हवा असतो.

आता चिठ्ठीचं. झोपेच्या झोल्पिडेमसारखी औषधं ‘एच-१’ यादीत आहेत. ती विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहून घ्यावं लागतं. उदासीच्या नेहमीच्या गोळ्या साध्या ‘एच’ यादीत; त्यांना ही वही नाही. तरी डॉक्टरांनी तसं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, आणि देताना चिठ्ठीवर दुकानाचं नाव-पत्ता नि तारीख टाकायची, असा नियम आहे. भावाच्या चिठ्ठीवर एक तरी शिक्का आहे का, बघा. बहुधा नसेल.

रागाने स्ट्रिपा फेकू नका. गोळी एकदम तुटली तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. कमी झोप, खरेदीचा सपाटा, अंगावर येणं ही आधी सांगितलेली लक्षणं दिसत असतील तर त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना गाठा. गोळी थांबवायची की कमी करायची, ते ठरवतील. ते भेटत नसतील तर स्लो लोकलने चौथं स्टेशन ठाणे, तिथे १९०१ पासूनचं सरकारी मनोरुग्णालय आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. जाताना अर्धवट कापलेल्या स्ट्रिपांसकट सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. तो खरोखर काय घेतोय, हे चिठ्ठीवरून कळणार नाही.