मार्टिनच्या घरात हे कुणाचं घरटं?

प्रश्न : आम्ही ओहायोत नुकतंच घर घेतलं. मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी पर्पल मार्टिन पक्ष्यांसाठी खांबावर बारा खोल्यांचं घर बसवलंय. मे महिन्यात ते खाली उतरवून पाहिलं, तर तीन खोल्यांत तीन तऱ्हेची घरटी. एकीत वाळकं गवत, पिसं आणि प्लॅस्टिकच्या चिंध्या छतापर्यंत कोंबलेल्या, दुसरीत नुसत्या काटक्या, तिसरीत चिखल आणि हिरवी पानं. यांतलं कोणतं काढायचं? – एक वाचक, ओहायो

उत्तर : चिखल आणि हिरव्या पानांचं घरटं मार्टिनचंच आहे, ते तसंच राहू द्या. दाराशी चिखलाचा बुटका बांध, मागे उथळ खळगा, त्यात ताजी पानं आणि पांढरीशुभ्र, ठिपके नसलेली अंडी, ही त्याची खूण. भिंगरीच्या कुळातला हा पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये काढतो. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला तो जवळजवळ पूर्णपणे माणसांनी लावलेल्या घरांवर अवलंबून आहे. तिथले मूळनिवासी त्याच्यासाठी पोकळ भोपळे टांगत, तेव्हापासूनचं हे नातं. म्हणून तुमच्या अंगणातल्या त्या खोल्यांना फार मोल आहे.

गवत, पिसं, चिंध्या आणि वरून छप्पर घातल्यासारखा गोळा असेल, तर ती चिमणी. हो, आपली चिऊताईच, तीच जात. अंडी पांढरट किंवा हिरवट, त्यांवर करडे-तपकिरी ठिपके. महाराष्ट्रात तिच्यासाठी आपण लाकडी खोकी टांगतो. 20 मार्चचा जागतिक चिमणी दिन ज्यांच्या प्रयत्नांतून सुरू झाला, ते मोहम्मद दिलावर नाशिकचेच. त्यामुळे तिचं घरटं उचलताना तुमचा हात अडखळला, तर ते मी समजू शकतो. पण अमेरिकेत तिला 1850च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये आणून सोडलं ते माणसांनी, आणि तिथे ती मार्टिनची अंडी फोडते, पिल्लं मारते. तिथे मी मार्टिनची बाजू घेईन. तिचं घरटं काढायला केंद्रीय कायद्याची आडकाठी नाही.

मात्र नुसतं घरटं काढून भागत नाही. नर त्या जागेला चिकटून असतो, दोन-चार दिवसांत पुन्हा गवत आणतो, आणि चिडून शेजारच्या खोलीतली अंडीही फोडू शकतो. तेव्हा घरटं काढल्यावर त्या खोलीचं दार बुजवा आणि शेजारच्या खोल्यांवर नजर ठेवा.

गवताच्या ढिगात ठिपके नसलेली फिकट निळसर-हिरवी अंडी दिसली, तर ते स्टारलिंग, आपल्या साळुंकीच्या कुळातला पक्षी. 1890 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युजीन शिफेलिन यांनी साठेक स्टारलिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीसेक. त्यालाही कायद्याचं संरक्षण नाही. गोल दाराऐवजी सुमारे तीन सेंटिमीटर उंचीचं अर्धचंद्राकृती दार बसवलं, तर मार्टिन आत जातो, स्टारलिंग अडतो. चिमणी मात्र त्यातूनही सहज जाते.

काटक्यांच्या बाबतीत घाई करू नका. ते हाउस रेन या इवल्याशा पक्ष्याचं काम. तोही दुसऱ्यांच्या अंड्यांना चोचीने भोकं पाडतो, पण तो तिथला मूळ रहिवासी. 1918च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्यानुसार अंडी किंवा पिल्लं असलेलं त्याचं घरटं हलवता येत नाही. नर बऱ्याच खोल्यांत नुसत्या काटक्या भरून ठेवतो. मागच्या बाजूला पिसं-केसांची वाटी नसेल आणि तांबूस ठिपक्यांची बारीक अंडीही नसतील, तर ते रिकामं घरटं काढायला हरकत नाही. तो झुडपांजवळ वावरतो, त्यामुळे पुढच्या हंगामाआधी खांब मोकळ्या जागी हलवा.

गवताच्या वाटीत पांढरी पिसं आणि पांढरी अंडी दिसली, तर ती ट्री स्वॉलो. तिलाही हाच कायदा लागू. तिच्यासाठी थोड्या अंतरावर दीड इंचाच्या दाराची वेगळी पेटी लावा.

घर उतरवून तपासलं म्हणून मार्टिन घरटं सोडून जात नाहीत, तेव्हा दर आठवड्याला बिनधास्त पाहा. पुढच्या वर्षी ते परत येईपर्यंत सगळी दारं बंद ठेवा.