वीजकेंद्रांचा नकाशा आणि गावचे उपकेंद्र

महाराष्ट्राच्या नकाशावर वीजकेंद्रे मांडली असता त्यांची विषम विभागणी प्रथम नजरेत भरते. औष्णिक केंद्रे मुख्यत्वे विदर्भात, कोळशाच्या खाणींजवळ आढळतात. चंद्रपूर केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. जलविद्युत् केंद्रे सह्याद्रीच्या कड्यालगत आहेत, कारण तेथे पाणी मोठ्या उंचीवरून खाली सोडता येते. खोपोलीचे केंद्र १९१५ साली याच कारणास्तव उभे राहिले. कोयनेचे पाणीही वीज दिल्यानंतर कोकणात उतरते. घाटावरील शेतास ते परत मिळत नाही. नकाशावरील खूण ही किंमत दाखवीत नाही.

सूर्यप्रकाशास खाण लागत नाही, कडा लागत नाही. त्यामुळे सौर केंद्रे विखरून वसतात. साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचे मोठे केंद्र आहे. परंतु शेतीच्या दृष्टीने लहान केंद्रेच अधिक महत्त्वाची होत. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू गावच्या उपकेंद्राजवळ वीज निर्माण करून पंपास ती दिवसा देणे हा आहे. रात्री बारे देताना सर्पदंशाचे भय ज्यांनी अनुभवले आहे, त्यांस याचे मोल निराळे सांगावयास नको.

नकाशा वाचताना एक सावधगिरी अवश्य बाळगावी. वर्तुळाचा आकार क्षमता दर्शवितो, उत्पादन नव्हे. एक मेगावॅटचे सौर केंद्र वर्षास सुमारे १५ ते १७ लाख युनिट वीज देते. तितक्याच क्षमतेचा औष्णिक संच वर्षभर सरासरी ७० टक्के भाराने चालल्यास सुमारे ६१ लाख युनिट देतो. म्हणून क्षमता व उत्पादन यांचे नकाशे वेगवेगळे काढणे इष्ट.

गावापुरता नकाशा ग्रामपंचायतीसही करता येईल. गावनकाशावर ३३ केव्ही उपकेंद्राची खूण करून त्याभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे व त्यात येणारे पडीक, मुरमाड गट रंगवावेत. एका मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते. २०२३ च्या सुधारित योजनेत भाडे हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये असून त्यात दरसाल तीन टक्के वाढ ठरविली आहे. बागायती काळी जमीन या भाड्यासाठी गुंतविणे शहाणपणाचे नव्हे, कारण करार दीर्घ मुदतीचा असतो. सामाईक खात्याच्या गटात सर्व खातेदारांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवावी.