ती ट्यूब आधी बाजूला ठेव

चि. सोनल,


तुझी आई फोनवर सांगत होती, तू आरशासमोरून हलत नाहीस आणि कॉलेजला जाताना भर थंडीतही स्कार्फ सोडत नाहीस. 15 फेब्रुवारीला आपल्या संत सेवालाल महाराजांची जयंती, मुलींच्या नाचात तू पहिल्या ओळीत, तोवर चेहरा स्वच्छ हवा, म्हणून मैत्रिणीने दिलेली क्रीम लावते आहेस. त्या ट्यूबचा फोटो आईने मला पाठवला. तो पाहून लगेच लिहायला बसले.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाच. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी कुठलंही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. तुझ्या ट्यूबवर मोमेटासोन लिहिलंय, सोबत रंग उजळवणारं हायड्रोक्विनोनही आहे. पहिल्या आठवड्यात लाली जाते, पुटकुळ्या बसतात, रंग उजळ वाटतो, म्हणून मुली एकमेकींना ती देतात. पुढे तीच कातडी पातळ होते, उन्हात भाजल्यासारखी जळते, गालावर लव वाढते आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त येतात. बंद केली की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा लावावीशी वाटते. त्या फेऱ्यात अडकलेल्या मुली मी आमच्या वॉर्डात पाहिल्या आहेत. सोनल, वर्षं जातात ग त्यातून बाहेर यायला. याच कारणासाठी 2018 मध्ये सरकारने अशी चौदा स्टिरॉइडं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी दुकानात मिळतात, हे दुर्दैव.

तू थोडेच दिवस लावलीस, म्हणून आजच थांब. एखादी मैत्रीण महिनोन्महिने लावत असेल, तर तिला एकदम बंद करायला सांगू नकोस, त्वचेच्या डॉक्टरांकडे ने.

आता मुरूम येतात कशाने, ते. आजी म्हणते रक्त खराब झालंय, तसं काही नाही. वयात येताना शरीरातले बदल त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथींना जागं करतात. तेल जास्त सुटतं, केसाच्या मुळाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत जंतू वाढतात आणि सूज येते. काळे ठिपके दिसतात तो मळ नव्हे, म्हणून घासून काही निघत नाही. दिवसातून दोनदा साध्या सौम्य साबणाने धू, पुरे. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा चेहऱ्याला लावू नकोस. लिंबू लावून उन्हात गेलीस तर चट्टे पडतील.

डोक्याला तेल लावतेस ते कपाळावर उतरतं, तुझे कपाळावरचे बारीक दाणे बहुधा त्याचेच. वेणी घालायच्या आधी तेल फक्त केसांना लाव आणि रात्री केस बांधून झोप. स्कार्फ सुती घे, रोज धुतलेला. घाम आणि घासणं दोन्ही मुरमांना वाढवतात. आणि फोडू नकोस, हात गेला की मागे घे. आपल्या सावळ्या कातडीवर मुरूम गेल्यावरही काळा डाग महिनोन्महिने राहतो, फोडलेल्याचा तर खड्डाच.

औषध म्हणशील तर डॉक्टर बहुतेक अडापेलीन देतील, सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड. अडापेलीन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, मटारच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला पातळ. फक्त पुटकुळीवर टिपायचं नसतं. सुरुवातीला एक दिवसाआड. पहिले काही आठवडे कातडी सोलपटते, ते पाहून घाबरून सोडून देतात, तू सोडू नकोस. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो, तेव्हा आजीची आरसे लावलेली कांचळी आणि फेटिया अंगात असताना ते चेहऱ्याला लावू नकोस. दिवसा सनस्क्रीन.

फरक आठ ते बारा आठवड्यांत कळतो. जयंतीपर्यंत तो दिसेल असं मी सांगणार नाही, ते खोटं ठरेल. रामनवमीच्या यात्रेपर्यंत मात्र नक्की दिसायला लागेल, त्यानंतरही औषध चालू ठेवावं लागेल. पंधरा फेब्रुवारीला नगारा वाजेल तेव्हा तू मुरुमांसकट नाच. गर्दीत बाहेरगावाहून आलेल्या कित्येक मुली तुझ्याच वयाच्या असतील आणि त्यांच्याही गालावर हेच असेल.

एक गोष्ट आईला सांगायला लाजू नकोस: पाळी दोन-दोन महिने चुकते का, हनुवटीवर केस वाढतात का? तसं असेल तर मुरमांचं मूळ तिथे असू शकतं आणि तपासण्या वेगळ्या कराव्या लागतात. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये त्वचारोगाची ओपीडी आहे. येताना ती ट्यूब फेकू नकोस, पिशवीत घेऊन ये, डॉक्टरांना दाखवायची आहे. मुक्काम माझ्याकडेच.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या