अन्नाला नावं ठेवू नयेत, मग कच्च्या भाताला काय म्हणायचं?



आजचं वाचन दोन ठिकाणचं आहे. तैत्तिरीय उपनिषदातल्या भृगुवल्लीचा सातवा अनुवाक, आणि गीतेच्या १७ व्या अध्यायातले श्लोक ७ ते १० आणि १५. पुस्तक जवळ असेल तर आधी तेवढं वाचून घ्या, मग इकडे या.

भृगुवल्लीची गोष्ट थोडक्यात अशी. भृगु हा वरुणाचा मुलगा. तो वडिलांकडे जाऊन म्हणतो, मला ब्रह्म शिकवा. वरुण तयार उत्तर हातात देत नाही. ज्यातून सगळं जन्मतं, ज्याच्यावर जगतं आणि ज्यात परत जातं ते शोध, असं सांगून तपाला पाठवतो. भृगु पहिल्यांदा परत येतो तेव्हा त्याला कळलेलं असतं की अन्न हेच ब्रह्म. पुन्हा तप. मग प्राण, मन, विज्ञान आणि सहाव्या अनुवाकात शेवटी आनंद. खरं तर इथे गोष्ट संपायला हवी होती, पण सातवा अनुवाक सुरू होतो तोच मुळी अन्नापासून. अन्नाची निंदा करू नये, हे व्रत आहे. मला ही जागा फार आवडते. चार पायऱ्या वर चढून गेलेल्या माणसाला सांगितलंय, खालच्या पायरीला कमी लेखू नकोस.

आता अडचण येते ती गीतेपाशी. भगवंत तर स्वतःच अन्नाची प्रतवारी लावतात. आयुष्य, सत्त्व, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारं ते सात्त्विक. अति तिखट, अति आंबट, अति खारट, जळजळ करणारं ते राजस. (मूळ शब्द ‘कटु’ आहे. संस्कृतात त्याचा अर्थ तिखट, आपल्यासारखा कडू नव्हे. कारल्याची भाजी टाळायला हा श्लोक वापरू नका.) आणि रस गेलेलं, शिळं, वास येणारं, उष्टं ते तामस. तामस यादीतला पहिला शब्द ‘यातयाम’. शब्दशः अर्थ, ज्याच्यावरून प्रहर उलटून गेलाय असं. पण शंकराचार्य भाष्यात त्याचा अर्थ नीट न शिजलेलं असा घेतात. कारण सत्त्व निघून गेलेलं अन्न पुढच्याच ‘गतरस’ शब्दात येऊन गेलंय.

म्हणजे नीट न शिजलेल्या अन्नाला गीता सरळ तसं म्हणते. आणि उपनिषद म्हणतं निंदा करू नका. दोन्ही एकाच वेळी कसं पाळायचं?

मागच्या महिन्यात हा प्रश्न पुस्तकातून उठून टेबलावर आला. माझ्या मावसभावाने पहिल्या पगाराचं जेवण दिलं. लोअर परळमधलं एक महागडं रेस्टॉरंट, पंधरा दिवस आधी बुकिंग, आम्ही चौघं. तो, मावशी, बायको आणि मी. मावशी पहिल्यांदाच अशा ठिकाणी येत होती. त्याने रील्स बघून मेन्यू आधीच पाठ केला होता.

सूप कोमट आलं. त्यानंतर चाळीस मिनिटं काहीच नाही. मग मोठ्या पांढऱ्या बशीत मधोमध मूठभर मशरूम रिसोटो. रिसोटो म्हणजे इटालियन पद्धतीचा गुरगुट्या भात म्हणा. तो आला तोच आतून कच्चा. मावसभाऊ स्वतः जेवतच नव्हता, प्रत्येकाच्या चमच्याकडे बघत होता. “कसंय?” बायको पटकन म्हणाली, “छान आहे रे.” तिच्या जागी बहुतेक सगळे हेच म्हणतील.

मावशीने मात्र एक शीत बोटांत घेऊन दाबलं. शितावरून भाताची परीक्षा, अगदी अक्षरशः. आत पांढरा कण दिसत होता. तिने वाढणाऱ्या मुलाला बोलावलं. “बाळा, हा तांदूळ आत कच्चा राहिलाय. शिजवून आणतोस का?” तो म्हणाला, “मॅम, रिसोटो अल दांतेच असतो.” अल दांते म्हणजे दाताला किंचित लागेल इतपत शिजवलेलं. खडूसारखा गाभा राहिला तर त्याला इटलीतही कच्चंच म्हणतील. मावशीला हे शब्द ठाऊक असायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, “असेल रे. तू एक शीत दाबून तर बघ.” त्याने खरंच दाबून बघितलं आणि काही न बोलता चारही बशा उचलून नेल्या. परत आला तो भात शिजलेला होता. चवीला यथातथाच.

मग ती मुलाकडे वळून म्हणाली, “भात कच्चा होता. तू मला इथे आणलंस, मला फार बरं वाटलं.”

दोन वाक्यं. मध्ये ‘पण’ नाही, हे मला तिथेच जाणवलं. ‘पण’ घातला असता तर एक वाक्य दुसऱ्याची भरपाई करायला गेलं असतं. तिच्यासाठी दोन्ही खरीच होती.

घरी येऊन मी १७ वा अध्याय पुन्हा काढला. श्लोक ८ ते १० अन्नाबद्दल, ११ ते १३ यज्ञाबद्दल, १४ शरीराच्या तपाबद्दल आणि १५ वाणीच्या तपाबद्दल. समोरच्याला न डिवचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं हे तप. ताटात काय आलं आणि तोंडातून काय गेलं, दोन्हींचा हिशेब एकाच अध्यायात पाच श्लोकांच्या अंतरावर आहे. मला वाटतं, उपनिषद आणि गीता यांच्यातली गाठ इथे सुटते. अन्न कच्चं आहे हे सांगणं ही निंदा नाही, ती त्या शिताची माहिती आहे. जो ती दुरुस्त करू शकतो त्याला ती दिली तर हितही साधतं. निंदा सुरू होते ती गोष्ट शितावरून माणसावर घसरली की. आमच्या कामात कोड रिव्ह्यूचा नियम हाच आहे, कुठल्या ओळीत काय चुकलं ते लिहायचं, लिहिणाऱ्याची अक्कल काढायची नाही. पाळला किती जातो ते सोडा.

मावसभावाने परतीच्या टॅक्सीतच रिव्ह्यू लिहायला घेतला होता. एक स्टार. लुटारू, फालतू, स्टाफला अक्कल नाही वगैरे. मला वाचून दाखवला. यातलं खरं किती? तो मुलगा दुपारपासून पायावर उभा असणार, आणि भात त्याने शिजवलेला नव्हता. पण मावसभावाचा राग मला कळत होता. ७ वा श्लोक आहारसुद्धा प्रत्येकाला तीन प्रकारे प्रिय असतो असं सांगतो. म्हणजे ताटाइतकीच जेवणाऱ्याची ओढही बघायची. त्याला भूक रिसोटोची नव्हतीच. त्याचं शिक्षण मावशीने डबे करून पूर्ण केलंय. सकाळी चाळीस डबे. त्या बाईला एका संध्याकाळी कुणीतरी उत्तम वाढावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि तिच्याच पुढ्यात कच्चा भात आला. साडेनऊ हजारांचं दुःख त्यामानाने लहान होतं.

त्याने तो रिव्ह्यू खोडला. नंतर जो टाकला त्यात सूप कोमट, मध्ये चाळीस मिनिटं, भात कच्चा, सांगितल्यावर बदलून दिला, एवढंच होतं. दोन स्टार. माझ्या मते दोनही जास्तच, पण तो त्याचा हक्क.

सर्व्हिस चार्ज मात्र त्याने बिलातून काढायला लावला होता. भक्ताने असे पैशाचे वाद घालावेत का, असं काही जण विचारतील. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रेस्टॉरंटला हा चार्ज आपोआप बिलात लावता येत नाही, तो ग्राहकाच्या इच्छेवर आहे. शांतपणे काढायला सांगितलं तर त्यात अन्नाचा अपमान होत नाही. वाढणाऱ्या मुलाच्या हातात मावशीने वेगळे शंभर रुपये ठेवले, ते तिचे.

आणि उरलेला रिसोटो तिने बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी लसूण-मिरचीची फोडणी देऊन त्याचा फोडणीचा भात केला म्हणे. चीज घातलेला फोडणीचा भात! ‘शिळं ते तामस’ या नियमात फोडणीचा भात बसतो का, हे कुणीतरी विचारणारच, तेव्हा त्यावर एक दिवस स्वतंत्र लिहीन. तूर्त एवढंच की भृगुवल्लीचा आठवा अनुवाक अन्न टाकून देऊ नये, अव्हेरू नये असं सांगतो. उद्या तोच घेऊ. नववाही जमला तर सोबत वाचून या, त्यात अन्न पुष्कळ करावं असं आहे, आणि दहाव्यात दाराशी आलेल्याला परत पाठवू नये असं.

राम कृष्ण हरी.