नायट्रोजनचे बूस्टर बसवताना: आधी खोली पाहा, मग यंत्र

टायर, पंक्चर, गॅरेज आणि वेल्डिंग या धंद्यांत बीड जिल्ह्यातील आपले अनेक बांधव वर्षानुवर्षे आहेत. गेवराईपासून चौसाळ्यापर्यंतच्या धुळे-सोलापूर महामार्गावर जाणाऱ्याला हे सांगायला नको. ट्रकवाले आता साध्या हवेऐवजी नायट्रोजन मागतात. नायट्रोजन कोरडा असतो, टायरमधून सावकाश झिरपतो. त्याचा फायदा किती, हा वाद वेगळा. गिऱ्हाईक मागते म्हणून दुकानदार यंत्र आणतो. पत्रा कापणारे लेझर यंत्र घेणाऱ्या कारागिरालाही हाच वायू लागतो, आणि तोही जास्त दाबाने.

हवेतून नायट्रोजन वेगळा करणारे यंत्र साधारण 70 ते 85 पौंड दाबाने वायू देते. ट्रकच्या टायरला 110 ते 120 पौंड लागतात. मधली तूट भरून काढणारा कॉम्प्रेसर म्हणजे बूस्टर. आपला मिस्त्री म्हणतो, "हवेचा कॉम्प्रेसर वीस वर्षे चालवला, हा काय वेगळा?" आमचे म्हणणे असे की तो वेगळाच आहे, आणि फरक लोखंडात नसून वायूत आहे.

हवेच्या कॉम्प्रेसरची नळी निसटली तर खोलीत हवाच पसरते. नायट्रोजनची नळी निसटली तर खोलीतला प्राणवायू हटत जातो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांना चुरचुर नाही. शिवाय गुदमरल्याची जाणीव शरीराला प्राणवायू कमी झाल्याने होत नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. नायट्रोजनमध्ये श्वास घेणारा माणूस कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतच राहतो, म्हणून त्याला काहीच कळत नाही. प्राणवायू फारच खाली गेला असेल तर दोन-चार श्वासांत तो कोसळतो.

हिशेब करून पाहू. दुकानामागची दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे 34 घनमीटर. तासाला 20 घनमीटर वायू देणारे बूस्टर तिथे आहे, थंडीमुळे दार लावले आहे आणि सांधा सुटला आहे. 21 टक्के असलेला प्राणवायू अर्ध्या तासात 16 च्या आसपास आणि तासाभरात 12 च्या खाली येईल. 19.5 च्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. इतक्यात पोरगा पाना आणायला आत जातो.

अमेरिकेत डेलावेअर राज्यातील एका तेलशुद्धीकरण कारखान्यात 5 नोव्हेंबर 2005 रोजी असेच घडले. नायट्रोजन भरलेल्या मोठ्या टाकीत चिकटपट्टीचे एक रीळ पडले होते. ते काढायच्या प्रयत्नात एक कामगार आत पडला, दुसरा त्याला वाचवायला उतरला आणि दोघेही गेले. तिथल्या सरकारी तपास मंडळाने 1992 ते 2002 या काळात नायट्रोजनने गुदमरून 80 मृत्यू झाल्याचे नोंदवले आहे. दुसऱ्याचे जाणे आम्हाला जास्त बोचते, कारण आपल्याकडेही विहिरीत किंवा सेप्टिक टाकीत माणूस पडला की भाऊ लगेच मागे उडी घेतो. दुकानात सगळ्यांना सांगून ठेवा: आत कोणी पडलेला दिसला तर बाहेरचा मेन स्विच पाडा, दार उघडा, लोकांना हाका मारा. हवा खेळती होईपर्यंत आत पाऊल टाकू नका.

म्हणून यंत्राची किंमत ठरवण्याआधी जागा ठरवा. सर्वांत चांगली जागा म्हणजे तीन बाजूंनी मोकळे पत्र्याचे छप्पर. खोलीच घ्यायची असेल तर समोरासमोरच्या भिंतींना खाली आणि वर जाळ्या ठेवा, पंखा बाहेर हवा फेकणारा लावा, आणि प्राणवायू मोजून भोंगा वाजवणारे उपकरण दारापाशी बसवा. ज्या खोलीत रात्री कोणी झोपते तिथे हे यंत्र कधीच नको. नायट्रोजन वेगळा करणारे यंत्र उरलेला वायू दुसऱ्या तोंडाने सोडते. त्यात प्राणवायू जास्त असतो आणि आग भडकते. ते तोंडही पाइपने बाहेर काढा, पण जिथे ऑइलच्या चिंध्या किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या आहेत तिकडे नाही.

आता बसवणे. सिमेंटचा सपाट पाया, बोल्टखाली रबर, भिंतीपासून दोन-तीन फूट अंतर. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. गरम हवा निघायला वाट नसेल तर यंत्र तापून बंद पडेल. बूस्टरच्या आधी एक छोटी टाकी हवी आणि येणारा दाब कमी झाला की मोटार बंद करणारा स्विच हवा. हा स्विच पैसे वाचवायला गाळतात. मग मागून वायू कमी येतो, बूस्टर उपाशी ओढत राहते आणि त्याचे डोके भाजून निघते. बाहेर जाणाऱ्या बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावा. बेल्टला जाळी, मोटारीला अर्थिंग आणि शेतातल्या मोटारीला लावतो तसा सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर, हे वायरमनकडून करून घ्या. मोटार उलटी फिरत नाही ना, हे क्षणभर सुरू करून पाहा.

पाइपाच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. नळाचा पीव्हीसी पाइप दाबाच्या वायूला चालत नाही. तो फुटला की त्याचे तुकडे सुऱ्यासारखे उडतात. लोखंडी, तांब्याचा किंवा स्टेनलेस स्टीलचा, दाब लिहिलेला पाइप घ्या. नवी लाइन तपासायची ती आधी पाणी भरून, दीडपट दाबाने. पाणी दबत नाही, त्यामुळे सांधा फुटला तरी फवारा उडून संपते; वायूने तपासताना फुटला तर स्फोट होतो. मग लाइन कोरडी करून वायू थोडा थोडा चढवा, प्रत्येक टप्प्यावर थांबा आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा.

महामार्गावरच्या एका दुकानात आम्ही सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी चक्क बोल्ट ठोकलेला पाहिला. विचारले तर उत्तर आले, "सारखा सुटत होता." तो सुटत होता कारण प्रेशर स्विच बिघडला होता. सेफ्टी व्हॉल्व्ह टाकीच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाच्या वर लावू नका, आणि त्याचे तोंडही खोलीबाहेर काढा. टाकीला पट्टीच नसेल, जुन्या बाजारातली असेल, तर ती घेऊच नका.

राहिला सिलिंडर. बूस्टर आहे म्हणून कोणी राखाडी अंगाचा, काळ्या गळ्याचा नायट्रोजन सिलिंडर भरून मागेल. तो सुमारे 2200 पौंडांचा मामला आहे, टायरच्या बूस्टरचा नाही. सिलिंडर भरायला 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांखाली पेसोचा परवाना लागतो. या खात्याचे मुख्यालय नागपूरला आहे. हजार लिटरपेक्षा मोठी टाकी ठेवायची झाली तरी आधी त्यांच्याकडेच चौकशी करा. यंत्र विकणारा "काही लागत नाही" म्हणाला, तर तेच त्याच्याकडून बिलावर लिहून मागा.