बायबल-वाचनाची वही मोबाईलमध्ये ठेवताना



रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांनी फिरून येते. उधळ्या पुत्राचा दाखला (लूक १५) प्रायश्चित्त काळाच्या चौथ्या रविवारी आपण २०२२ साली ऐकला, २०२५ साली पुन्हा ऐकला. २०२८ साली तो परत येईल. आमच्या बायबल गटातील काहींनी २०२२ साली आपले मनन मोबाईलमध्ये टिपले होते. २०२५ साली शोधू गेलो, तर जुन्या मोबाईलबरोबर तेही गेले होते. एकाची नोंद मात्र कागदी वहीत होती. तेव्हा तो स्वतःला धाकट्या मुलाच्या जागी पाहत होता. मधल्या काळात त्याच्या घरी वाटणी झाली. या वेळी थोरल्या भावाचा राग त्याला आपलाच वाटला. जुनी नोंद वाचून तो भावाला भेटायला गेला.

म्हणून ॲप निवडताना आपण एकच विचारू या: ही नोंद मला तीन वर्षांनी सापडेल का?

१) नोंदीची प्रत मोबाईलबाहेर राहते का? गुगल कीप व वननोट यांत ती आपल्या खात्यात राहते; मात्र पासवर्ड जपला पाहिजे. ऑब्सिडियन साध्या मजकुराच्या फाईली आपल्याच यंत्रावर ठेवते. तिथे दुसरी प्रत आपणच काढावी.

२) मांडणी सोपी आहे का? कीप छोट्या टिपणांना बरे. वननोटमध्ये बायबलच्या प्रत्येक पुस्तकाला एक विभाग व अध्यायाला एक पान देता येते.

३) नोंदी बाहेर काढता येतात का? नियम बदलतात. एव्हरनोटने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत वापरासाठी ५० नोंदींची मर्यादा घातली. वर्षाचे रविवारच ५२!

४) मराठीत शोध लागतो का? दोन नोंदी लिहून पाहा. 'लूक' आणि 'लुक', '१५' आणि '15' असे मिसळू नका. शीर्षक नेहमी एकाच पद्धतीने लिहा: लूक १५, मग तारीख.

ज्यांना वहीच आवडते त्यांनी वहीच ठेवावी. या रविवारी शुभवर्तमान ऐकल्यावर घरी पाच मिनिटे शांत बसू या आणि दोनच ओळी लिहू या: प्रभू मला काय म्हणाला, आणि मी काय करणार. तीन वर्षांनी त्या ओळी आपल्याशी बोलतील.