राज्याचा इतिहास कोणत्या साधनांवरून शिकावा?

देवगिरीच्या यादवराज्याचा इतिहास समजून घ्यावयाचा असेल तर कोणता ग्रंथ वाचावा, अशी पृच्छा वासनिक मंडळींकडून वारंवार होते. पृच्छा योग्यच आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा महाराष्ट्रातील संचार कृष्णदेव, महादेव व रामचंद्रदेव या यादवराजांच्या काळात झाला. त्या काळाचे ज्ञान नसेल तर अनेक लीळांचे प्रकरण नीट उलगडत नाही. परंतु एकाच ग्रंथात राज्याचा इतिहास सापडेल ही अपेक्षा ठेवू नये. निरनिराळी साधने एकमेकांसमोर ठेवून तो काढावा लागतो. आणि प्रत्येक साधन कोणी, केव्हा व कोणासाठी निर्माण केले, हे आधी पाहावे लागते.

प्रथम आपल्या घरचे साधन पाहू. म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले, ते परमेश्वराच्या लीळा जतन करण्यासाठी. राज्याची बखर लिहिण्याचा त्यांचा हेतू नव्हता. म्हणूनच त्यात जाता जाता आलेले दाम व आसू ही नाणी, हाट, वाटा, देवळे, अन्न, वस्त्रे यांचे उल्लेख इतिहासकारास मोलाचे वाटतात. ज्या गोष्टीविषयी लेखकास काही सिद्ध करावयाचे नसते, तिच्याविषयी तो सहसा खोटे सांगत नाही. स्थानपोथीचेही तसेच. अमुक स्थान देवळाच्या कोणत्या दिशेस, दार कोणत्या बाजूस, हे तिने भाविकासाठी टिपले. आज पैठणसारख्या नगरीची जुनी रचना शोधणाऱ्याला तोच आधार होतो.

मात्र येथे सावधगिरी हवी. परंपरेनुसार लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीच्या धामधुमीत गेली आणि शिष्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. हिराइसा पाठ, परशराम पाठ असे पाठभेद त्यातूनच आले. तेव्हा एकाच छापील प्रतीतील एखाद्या शब्दावरून राज्यविषयक निष्कर्ष काढणे बरे नव्हे. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे व वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्या शेजारी ठेवून तो शब्द पडताळावा. हे कष्टाचे आहे खरे, पण पाठ मिळवून पाहण्याची रीत आपल्या मठांत नवी नाही.

दुसरे साधन ताम्रपट व शिलालेखांचे. रामचंद्रदेवाचे पैठण येथील शके ११९३ चे आणि पुरुषोत्तमपुरी येथील शके १२३२ चे ताम्रपट प्रसिद्ध आहेत; मराठी शिलालेखांसाठी तुळपुळे यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ (१९६३) हाती असावा. तिथी, दान दिलेली गावे, अधिकाऱ्यांची नावे यांबाबत ताम्रपटाइतका भरवसा दुसऱ्या कशाचा नाही. राजाच्या गुणवर्णनाबाबत मात्र तो स्तुतिपाठकच. रामचंद्रदेवाने महादेवाचा पुत्र आमण याच्याकडून राज्य बळाने घेतले, हे पैठणच्या ताम्रपटात पराक्रम म्हणून येते. आमणाचे डोळे काढल्याची आठवण आपल्या परंपरेतील लेखनात राहिली आहे. दोन्ही वाचल्याशिवाय तो प्रसंग कळत नाही.

हेमाद्रीचे नाव निघताच आपल्याकडील श्रोता कान झाकतो. त्याची कारणे सर्वांस ठाऊक आहेत, ती येथे उगाळत नाही. परंतु त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील व्रतखंडाच्या आरंभी असलेली राजप्रशस्ती यादवांच्या वंशावळीचे प्रमुख साधन आहे. ती टाळून यादवांचा इतिहास लिहिता येत नाही. विरोधकाची साक्ष तपासून घ्यावी. ती टाकून देणे हे विद्यार्थ्याचे लक्षण नव्हे.

फारसी तवारिखांविषयीही हेच. इसामीने ‘फुतूह-उस-सलातीन’ १३५० मध्ये दौलताबादेस पुरा केला. झियाउद्दीन बरनीचा ग्रंथ १३५७ चा, दिल्लीच्या बाजूचा. फिरिश्ता तर सतराव्या शतकाच्या आरंभीचा. १२९६ च्या स्वारीत रामदेवरावाने अलाउद्दीनास सहाशे मण सोने व सात मण मोती दिल्याचा जो आकडा व्याख्यानांतून ऐकू येतो, तो या फिरिश्त्याचा आहे. म्हणजे घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिलेला. आकडा सांगताना लेखकाचे नावही सांगावे, म्हणजे श्रोता आपला निर्णय आपण करील.

आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकास आणखी एक अडचण येते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्यापूर्वीच्या ग्रंथांत जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादखाली आणि परतूर परभणीखाली शोधावे लागतात. १८८४ चे औरंगाबाद गॅझेटियर, तसेच राज्य शासनाची औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांची गॅझेटियरे चाळावीत. यादवांच्याही मागे जावयाचे असेल त्याने देव व गुप्ते यांचा भोकरदन उत्खननाचा अहवाल (१९७४) पाहावा. निजामी राजवटीतील कागद बहुतांशी फारसी-उर्दूत, पुष्कळसे हैदराबादेस. पेशवाईचे पुण्यास, मोडीत. २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने जुन्या नोंदींचा शोध घेतला, तेव्हा मोडी व उर्दू वाचणारे किती थोडे उरले आहेत हे सर्वांस दिसले. त्या वादात पडण्याचे आम्हांस कारण नाही. पण अक्षर न वाचता येणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणास ठाऊक असणार? राजवाड्यांनी सकळ लिपीचा उलगडा करीपर्यंत आपले ग्रंथ बाहेरच्या विद्वानांस मुकेच होते.

आता भीती उलटी आहे. गावोगावच्या मठांत आणि वासनिकांच्या घरी पोथ्या बासनात आहेत, पण त्या वाचणारे हात कमी होत आहेत. ज्यांच्याकडे अशी पोथी असेल त्यांनी ती न्हाऊमाखू घालण्याच्या वस्तूसारखी केवळ पूजेत ठेवू नये. कोरड्या हातांनी उघडून शेवटच्या पानावरील शक, तिथी, गाव व लेखकाचे नाव प्रथम उतरून घ्यावे, आणि जाणत्या भिक्षुकास बोलावून पोथी कोणत्या पाठाची आहे ते विचारावे. कसर लागली असल्यास पाने एकमेकांपासून ओढून सुटी करू नयेत. ते काम जाणकाराकडेच द्यावे.